वल्ह्यात रुतलेला बाण

माझ्या झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, एक ड्रायव्हिंग स्कूल आहे. तिथल्या मास्तरांना गोड बोलता येत नाही. शिकायला आलेल्या माणसाला ते पहिल्याच फेरीनंतर सांगतात, "गाडी तुम्ही चालवली नाहीत, गाडीने तुम्हाला फिरवून आणलं." एका नावाजलेल्या वकिलाला तर त्यांनी भर चौकात गाडी बाजूला घ्यायला लावली आणि म्हणाले, "साहेब, बसने फिरा. कोर्टात लोकांना वाचवता ना, मग रस्त्यावर कशाला मारता?" वकील तणतणत निघून गेले आणि पुढच्या आठवड्यात निमूटपणे परत आले. आता चांगली चालवतात. मास्तर तोंडावर बोलतात, पण पाठीमागे बोलत नाहीत. मला असली माणसं परवडतात. गोड बोलणाऱ्यांच्या झेरॉक्स काढून काढून माझी निम्मी हयात गेली आहे.

या मास्तरांना एक वेड आहे, आणि ते मलाही आहे, म्हणून हे लिहायला बसले. आम्हाला जाडजूड अद्भुत कादंबऱ्या लागतात. पहिल्या पानावर नकाशा, शेवटच्या पानावर वंशावळ, मध्ये ड्रॅगन, जादूगार, शापित तलवारी आणि एकमेकांच्या जिवावर उठलेली राजघराणी. लोक हसतात. "या वयात राक्षस-पऱ्या?" असं माझ्या थोरल्या जावेने चारचौघांत विचारलं होतं. ती स्वतः दूरदर्शनवरच्या मालिकेतल्या सुनेसाठी जेवण सोडते, पण ते वेड नाही, ती आवड.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही वर्गात जमतो. मास्तर, मी, बँकेतले कॅशियर आणि शाळेतल्या भूगोलाच्या बाई. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते आहेत. मधल्या टेबलावर रंगाने चौक, वळणं आणि पूल काढलेले आहेत, आणि त्यावर चिमुकल्या गाड्या. एरवी त्यांवर 'आधी कोणी जायचं' ते शिकवतात. आमच्या दिवशी तिथे लढाया होतात. पिवळी बस म्हणजे ड्रॅगन, हे ठरलेलं आहे. एकदा कॅशियरांनी ड्रॅगन म्हणून पाण्याचा टँकर उडवला तर भूगोलाच्या बाई दहा मिनिटं बोलल्या नाहीत.

गप्पा मारायची आमची रीत मात्र जगावेगळी आहे, आणि ती मास्तरांनीच घातली. कुठलंही पात्र आवडलं की नावडलं, असं नुसतं म्हणायचं नाही. त्याला लायसन्स द्यायचं की नाही, ते सांगायचं. "याच्या हातात गाडी द्याल का, आणि मागच्या सीटवर तुमचं पोर बसवाल का?" हा मास्तरांचा सवाल. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण एकदा असा विचार केला की भलेभले वीर उघडे पडतात. जगाचा तारणहार असलेला तो देखणा जादूगार एकमताने नापास झाला, कारण तो मागे न बघता रिव्हर्स घेईल. सगळ्यांवर माया करणारी राजकन्या पास झाली, पण लांबच्या प्रवासाला बंदी, कारण ती वाटेत दिसेल त्याला लिफ्ट देईल. कॅशियरांना खलनायक प्रिय. "क्रूर आहे, मान्य," ते एका सेनापतीबद्दल म्हणाले होते, "पण रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलला थांबेल." सेनापती पास झाला. इथे एकच बंधन आहे. मत खरं द्यायचं आणि देताना माफी मागायची नाही.

आता मास्तरांच्या सासूबाईंकडे येते. त्या मोठ्या इस्पितळात वॉर्डच्या सिस्टर होत्या, आणि निवृत्त होऊनही सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. लेकीने मास्तरांना पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा सिस्टरांनी स्वतः चहा करून दिला आणि विचारलं, "कसा झालाय?" मास्तर म्हणाले, "पाणचट." लेकीने कपाळावर हात मारून घेतला. सिस्टरांनी कप उचलून आत नेला, दुसरा करून आणला आणि लेकीला म्हणाल्या, "हा चालेल. हा आजारपणात 'सगळं ठीक आहे' म्हणून झोपून राहणार नाही." तेव्हापासून त्या ज्याला त्याला सांगत आल्या की, माझा जावई खोटं बोलत नाही. दागिना दाखवावा तसं सांगायच्या.

त्या लेकीकडे राहायला आल्या तोवर त्यांचे डोळे गेले होते. अगदी अंधार नाही, समोरच्या माणसाच्या कडा दिसतात, पण मधोमध डाग. अक्षर म्हणून दिसत नाही. वाचून दाखवणारं यंत्र आणलं, तर म्हणाल्या, "याला श्वास नाही, हे मेलेलं आहे." मग दुपारी दोन बॅचच्या मध्ये मास्तर घरी जेवायला जात, ते जेवण झाल्यावर तासभर वाचायला बसू लागले. दुसरं काही वाचायला घरात होतंच कुठे! म्हणून जे होतं तेच, ड्रॅगन आणि वंशावळ. पहिल्या आठवड्यात सिस्टर म्हणाल्या, "जावईबापू, हे काय भुताटकीचं बाड?" आणि महिन्याभरात, "जावईबापू, आज जेवायला उशीर का केलात?"

ज्या कादंबरीमुळे हे सगळं घडलं तिचे चार खंड आहेत. आम्ही त्यांना 'चार विटा' म्हणतो. त्यात एक म्हातारी नावाडीण आहे. दिवसा खाली आणि रात्री उलटी वर वाहणाऱ्या एका नदीवर ती नाव चालवते. (या नदीवर भूगोलाच्या बाईंचा राग आहे, तो वेगळा विषय.) नावाडीण राजा बघत नाही, रंक बघत नाही. पळून निघालेल्या धाकट्या राजपुत्राला ती म्हणते, "राजा असशील तुझ्या घरी. इथे गुपचूप मधोमध बस, नाव कलंडतेय." हे वाक्य वाचताना मास्तर थांबले, कारण सिस्टर अगदी त्याच आवाजात, "गुपचूप पडून राहा, सलाइन निघतंय," असं म्हणत असतील हे त्यांना स्पष्ट ऐकू आलं. सिस्टरांनाही ती म्हातारी भारी आवडली. "ही आमच्यातली," म्हणाल्या.

दुसरी वीट चालू असताना सिस्टरांच्या हृदयाची झडप कामातून गेली. ऑपरेशन झालं. मास्तर दुपारी घराऐवजी इस्पितळात जाऊ लागले. नाकाला नळी लावून पडलेल्या सिस्टर डोळे मिटूनच बोटाने खूण करायच्या, वाचा. मास्तरांना एक सवय होती, पुढचं प्रकरण सकाळी गाडीत, शिकाऊ येईपर्यंत, वाचून ठेवायचं. त्या सकाळी त्यांनी वाचलं की नदी ओलांडताना शत्रूचा बाण लागून नावाडीण मरते. दुपारी ते स्टूल ओढून बसले, वाचत वाचत त्या ओळीपर्यंत आले, सिस्टरांच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "बाण वल्ह्यात रुतला."

शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस कुणाच्या अंगावर जायला लागला की ते तो दाबतात. इतक्या वर्षांची सवय, त्यांनी तो लेखकाच्या गाडीत दाबला.

संध्याकाळी ते माझ्या काउंटरला येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक. मी घाबरून विचारलं, "सिस्टर...?"

"त्या बऱ्या आहेत. ताई, मी आज एक खून होऊ दिला नाही."

सगळं ऐकल्यावर मी हसले. तेव्हा ती गंमतच होती. सिस्टर घरी आल्या की मास्तर सांगून टाकतील, असं मला वाटलं. पण सिस्टर घरी आल्या त्या विचारतच, "नावाडीण पलीकडे पोचली का?" आणि मास्तर म्हणाले, "पोचली."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने खोटं बोलू नये. त्याला ते कुठे थांबवायचं हे माहीत नसतं. पुढच्या अडीच विटांमध्ये त्या म्हातारीच्या नावाने सगळे गळे काढत बसलेले, आणि इकडे मास्तरांनी ती जिवंत ठेवलेली! रोज सकाळी गाडीत बसून ते तिच्यासाठी नवा उद्योग शोधत. राजपुत्र तिच्या आठवणीत झुरतो, तिथे ती त्याला भेटायला येई. सैनिक तिचं नाव घेऊन लढायला निघतात, तिथे ती त्यांना भाकरी बांधून देई. तिसऱ्या विटेत तिच्या स्मरणार्थ नदीकाठी दगड उभारतात आणि राजपुत्र त्याला मिठी मारून रडतो. त्या प्रकरणाने मास्तरांचे तीन दिवस खाल्ले. शेवटी त्यांनी त्या दगडाचा नावा लागायचा धक्का केला आणि तिच्याच हस्ते त्याचं उद्घाटन करवलं. राजपुत्राचं रडणं मात्र गाळायचं राहिलं. एकदा तर गाडीत ते नावाडिणीचे संवाद पुटपुटत असताना शिकाऊ बाईंनी गाडी फाटकाच्या खांबाला टेकवली, आणि पायाखाली ब्रेक असून मास्तरांचा पाय हलला नाही.

"मास्तर, सांगून टाका," मी म्हणायचे. "खोट्याच्या कपाळी गोटा."

"आता कसं सांगू? 'माझा जावई खोटं बोलत नाही' म्हणतात त्या. ताई, त्यांना दुसरं वाचता येत नाही हो. मी जे वाचतो तेच त्यांचं पुस्तक. त्यात मी भेसळ केलीय हे कळलं, तर उद्या औषधाच्या बाटलीवरचं नाव मी वाचलं तरी त्या विश्वास ठेवतील का?"

गंमत राहिली नव्हती, हे तेव्हा मला कळलं.

चौथी वीट संपली. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सिस्टरांना जिने चढायची परवानगी दिली, आणि त्यांनी जाहीर केलं, "या सुट्टीला मी वर्गात येणार. विटांवर मलाही बोलायचंय." मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. मी कॅशियरांना आणि भूगोलाच्या बाईंना दुकानात बोलावून सगळं सांगितलं आणि म्हटलं, नावाडिणीचा विषय काढू नका. कॅशियर भडकले. "झेरॉक्सताई, इथेही खोटं बोलायचं तर मी घरीच बसतो की. घरी तेच करतो." पण मास्तरांचा चेहरा आठवून तेही शेवटी कबूल झाले.

सुट्टीच्या दुपारी सिस्टर लेकीच्या हाताला धरून जिना चढून आल्या. लेक त्यांना खुर्चीत बसवून खाली बाजारात काही घ्यायला गेली. सिस्टरांनी टेबलावर हात फिरवला, पिवळी बस हाताला लागली, ती मांडीवर घेतली. कॅशियरांनी विटांमधल्या काळ्या सेनापतीची बाजू मांडली. भूगोलाच्या बाईंनी नदीला नापास केलं. मी राजपुत्राला नापास केलं. मास्तर एरवी मधे मधे तोंड घालतात, त्या दिवशी खिडकीचा पडदा नीट करत उभे होते.

"आता मी बोलू?" सिस्टर म्हणाल्या. "नावाडीण. नापास."

आम्ही चौघेही त्यांच्याकडे बघत राहिलो.

"दुसऱ्या विटेच्या अर्ध्यापर्यंत ती बाई खरी आहे. तिरसट आहे, घामट आहे, राजपुत्राला शिव्या घालते. तिला मी डोळे मिटून गाडी दिली असती. पण पुढे काय झालं तिला? कुणावर रागावत नाही, कुणाला टाकून बोलत नाही. येता-जाता भाकऱ्या वाटतेय. सगळे तिचं कौतुक करतात आणि ती हसते. गुळाची ढेप! इतकी वर्षं वॉर्ड सांभाळले, असलं माणूस मी पाहिलं नाही."

"तसं काही नाही हं," मास्तर एकदम वळले. "ती बदलली. माणसं बदलतात. एवढं मोठं संकट टळल्यावर माणूस मऊ होतं."

"माणूस मऊ होत नाही, जावईबापू. माझं टळलं, मी झाले का मऊ?"

"पण तिचा तो युद्धातला प्रसंग? जखमींना नावेतून नेते तो? त्यात काय वाईट आहे?"

"भिजलेल्या लाकडासारखा आहे. पेटतच नाही."

मास्तरांचे कान लाल झाले. "तुम्ही नीट ऐकलं नसेल. त्यात किती बारकावे आहेत!"

मी तोंडावर रुमाल धरला. लोकांच्या पात्रांना इतकी वर्षं सोलून काढणारे मास्तर! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

"बारकावे?" सिस्टर म्हणाल्या. "मग मला सांगा, धक्क्याच्या उद्घाटनाला राजपुत्र एवढा ढसाढसा का रडतो?"

कॅशियर छताच्या पंख्याकडे बघायला लागले. भूगोलाच्या बाईंनी गाड्या ओळीत लावायला घेतल्या.

"एवढ्या लढाईत, एवढ्या जवळून मारलेला बाण वल्ह्यात रुतला," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "तिथेच गेली ना ती?"

"हो," मास्तर म्हणाले.

"मला त्याच दिवशी शंका आली होती. उद्घाटनाला खात्री झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"पुढे काय थापा मारताय ते ऐकायचं होतं. सुरुवातीच्या बऱ्या होत्या. ती राजवैद्याशी भांडते ती थाप तुमचीच ना? ती छान होती. मग तुम्हाला तिची माया आली आणि सगळं बिघडलं." त्यांनी जरा श्वास घेतला. "पण मला मरणाची काय नवलाई हो? किती जणांचे डोळे या हातांनी मिटलेत. माझ्यापासून कागदावरचं मरण लपवलंत?"

मास्तर समोरच्या बाकावर बसले. शिकाऊ लोक बसतात त्या बाकावर. "तुमच्यापासून नव्हतं लपवलं, आई. तुमच्या नाकाला नळी होती. ती म्हातारी तुमच्यासारखी बोलते. माझ्या तोंडाने ती मरते म्हणायचं... मला जमलं नाही. मला नाही बघवलं."

मला रडू आलं, आणि ते आलं असं मी सरळ सांगते. या माणसाने सासूला कधी 'बरं वाटतंय का' यापलीकडे एक मायेचा शब्द ऐकवला नव्हता. आणि रोज सकाळी, अडीच विटा, तो तेच तर करत होता.

सिस्टरांनी मांडीवरच्या बसची चाकं फिरवली. मग म्हणाल्या, "दुसरी वीट आहे का इथे? वाचा ते पान. जसं आहे तसं."

कपाटात होती. मी काढून दिली. मास्तरांनी पान शोधलं, चष्मा पुसला, परत पुसला. मग वाचायला लागले. बाण बरगड्यांत शिरला. म्हातारीने वल्हं सोडलं नाही. नाव काठाला लागली, राजपुत्राने उडी मारली आणि मागे वळून न बघता रानात पळाला. मास्तरांचा आवाज फाटला. ते थांबले. "वाचा," सिस्टर म्हणाल्या. तोवर रात्र पडली होती आणि नदीने दिशा बदलली होती. म्हातारी नावेच्या तळाशी आभाळाकडे तोंड करून पडली. नाव आपोआप उलटी निघाली आणि तिला घेऊन दिसेनाशी झाली. तिथे प्रकरण संपतं.

"बरं लिहिलंय," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा चांगलं."

"हो," मास्तर म्हणाले. नाक ओढत का होईना, खरं तेच बोलले.

"पण तिच्याजवळ कुणी नव्हतं." सिस्टरांनी हात पुढे केला. मास्तर जिथे बसले होते त्याच्या थोडा बाजूलाच गेला, मग मास्तरांनी स्वतःच तो धरला. "माझ्याजवळ होतं. मला तेव्हा निम्मे शब्द लागायचे, निम्मे निसटायचे. पण कुणीतरी बसलंय आणि वाचतंय, एवढं पक्कं कळायचं. खोटं वाचत होतात की खरं, त्याने काय फरक पडणार होता?"

मग आवाज बदलून, वॉर्डात बोलत असतील तसं, त्या म्हणाल्या, "आता तिसरी वीट पहिल्यापासून घ्यायची. तिच्याशिवाय."

"परत? ती नसताना?" मास्तरांनी लहान पोरासारखं विचारलं. "का?"

"ती नसताना पुढचं कसं चालतं, ते तुम्हाला एकदा वाचावं लागेलच ना."

मास्तरांनी मान हलवली. सिस्टरांना ती दिसली नसणार, पण हातातून कळली असावी.

"तिसरी जाड आहे ना?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांत जाड तीच."

"मग झालं तर. सावकाश वाचा. मला काही घाई नाही."